निपाणीच्या विहिरीतला हिरवा दगड आणि गोबीतली हिरवी टेकडी

वैशाखात आमच्या भागात विहिरी खोल करण्याची कामे निघतात आणि त्या दिवसांत माझ्याकडे दगड येऊ लागतात. मी भूविज्ञान शिकलो, काही वर्षे खनिज शोधाच्या कामावर कोअर लॉगिंग, म्हणजे जमिनीतून कापून काढलेल्या दगडाची नोंद ठेवण्याचे काम, केले आणि आता बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात घरी असतो, एवढे नातेवाइकांना पुरेसे आहे. यंदा निपाणीजवळच्या गावाहून मामा आले ते प्लॅस्टिकच्या पिशवीत एक दगड घेऊनच. काळ्या खडकात वाटाण्याएवढ्या पोकळ्या होत्या आणि प्रत्येक पोकळीच्या आत गडद हिरवा, साबणासारखा गुळगुळीत थर बसला होता. मामा म्हणाले, "चाळीस फुटांवर लागलंय बघ. गावात सगळे तांबं हाय म्हणून सांगायलेत. तू बघ की जरा, आणि सोनं असलं तर तेही सांग."

दगड पाहताक्षणी उत्तर माहीत होते, पण नुसते 'नाही' म्हटले की माणसाला आपण काही तरी लपवतो आहोत असे वाटते. म्हणून त्यांच्यासमोरच परीक्षा केली. हिरव्या थराचा कीस काचेच्या वाटीत घेतला आणि त्यावर न्हाणीघर धुण्याचे अ‍ॅसिड थोडे पातळ करून टाकले. बुडबुडे आले. मामांचा चेहरा उजळला. मात्र इथेच पुष्कळ जण फसतात, कारण तांब्याचे हिरवे खनिज मॅलाकाइट अ‍ॅसिडात फसफसते हे खरे असले, तरी काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरा कॅल्साइटही असतो आणि तोही तसाच फसफसतो. मग त्याच वाटीत घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा टाकला. द्रवात तांबे उतरले असते, तर थोड्या वेळात खिळ्यावर लालसर तांब्याचा मुलामा चढला असता. अर्धा तास झाला तरी खिळा करडाच राहिला. तो हिरवा थर सेलाडोनाइटचा होता. हे लोह, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम असलेले, अभ्रकाच्या कुळातले एक मऊ खनिज असून दख्खनच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या लाव्ह्याच्या थरांत, ते जागोजागी सापडते. त्याचा हिरवा रंग लोहामुळे येतो. त्यात तांब्याचा अंश शोधणे म्हणजे पालकाच्या भाजीत तांबे शोधण्यासारखे आहे.

मामा थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मग खरं तांबं जमिनीत दिसतं तरी कसं?" हा प्रश्न मला आवडला. त्यांना त्या संध्याकाळी जे सांगितले तेच इथे जरा व्यवस्थित लिहितो आहे, कारण त्याचे उत्तर देण्यासाठी मला आपल्या मुलखातून उठून थेट मंगोलियाच्या गोबी वाळवंटात जावे लागले.

मंगोलियाच्या दक्षिणेला, ओम्नोगोवी प्रांतात, खानबोग्द नावाच्या तालुक्यासारख्या विभागात ओयू तोलगोई नावाची जागा आहे. राजधानी उलानबातरपासून ती सुमारे ५५० किलोमीटर दक्षिणेला आणि चीनच्या सीमेपासून अवघ्या ८० किलोमीटरवर आहे. आजूबाजूला सपाट खडकाळ माळ, उंट, शेळ्या आणि तंबूंत राहणारे पशुपालक. उन्हाळ्यात अंग भाजते आणि हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली तीसपर्यंत उतरतो. 'ओयू' म्हणजे पिरोजा आणि 'तोलगोई' म्हणजे डोके. आपण डोंगराला जसा 'माथा' म्हणतो तसाच तिकडे डोक्याचा शब्द टेकडीला लागतो. त्या लहानशा टेकडीच्या दगडांवर निळसर हिरवे डाग आहेत म्हणून हे नाव पडले आणि ते डाग मात्र खरोखरच तांब्याचे आहेत. घरातले तांब्याचे घंगाळ बरेच दिवस चिंचेने घासले नाही की त्यावर जो हिरवा कळंक चढतो, त्याच जातीची ही गोष्ट आहे. जमिनीतली तांब्याची सल्फाइडे, म्हणजे गंधकाशी जोडलेली खनिजे, हवा आणि पाणी लागून कुजतात आणि त्यांचा हिरवा कळंक दगडावर उमटतो.

तिथे फार जुन्या काळी माणसांनी तांब्यासाठी खणल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. जुने खड्डे हा आमच्या धंद्यातला पहिला नकाशा असतो आणि आपल्या कर्नाटकातही तेच दिसते. रायचूर जिल्ह्यातील हट्टीची सोन्याची खाण आणि चित्रदुर्गजवळची इंगळदाळची तांब्याची खाण या दोन्ही ठिकाणी आधुनिक भूवैज्ञानिकांच्या कितीतरी आधी कोणी तरी खणून गेले होते. गदगच्या सुवर्णपट्ट्यात तर एका जुन्या खाणीचे नावच 'सांगली' आहे. शिरहट्टीचा मुलूख पटवर्धनांच्या सांगली संस्थानात मोडत असे, त्या काळाची ही खूण. पहिल्यांदा ते नाव नकाशावर वाचले तेव्हा छापण्यात चूक झाली असे मला वाटले होते.

ओयू तोलगोईकडे आधुनिक काळात लक्ष गेले ते १९९६ च्या सुमारास. मॅग्मा कॉपर या अमेरिकी कंपनीने मंगोलियात शोध सुरू केला होता आणि ती कंपनी ऑस्ट्रेलियाच्या बीएचपी या खाण कंपनीने विकत घेतल्यावर काम बीएचपीच्या नावाने पुढे चालू राहिले. त्यांच्या भूवैज्ञानिकांनी टेकडीवरचे हिरवे डाग पाहिले, आजूबाजूचे बदललेले खडक पाहिले आणि ही पॉर्फिरी प्रकारची जागा असावी असे ओळखले. १९९७ आणि १९९८ या दोन वर्षांत त्यांनी २३ छिद्रे पाडली. त्यांत तांबे होते, सोनेही होते, पण इतक्या दूर, रस्ता नाही, वीज नाही, पाणी नाही अशा ठिकाणी खाण काढावी इतके ते भरेना. त्या काळात तांब्याचा भावही पडला होता. बीएचपीने हात आखडता घेतला आणि १९९९ मध्ये रॉबर्ट फ्रीडलँड यांच्या आयव्हनहो माइन्स या कंपनीने ते क्षेत्र कराराने घेतले.

येथे पॉर्फिरी म्हणजे काय हे सांगावेच लागेल, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. महासागराचा तळ खंडाखाली सरकत जातो तिथे, खूप खोलवर, पाण्याच्या साहाय्याने खडक वितळतो. हा वितळलेला रस वर येताना त्यात भरपूर पाणी, गंधक, क्लोरिन आणि थोडे थोडे धातू विरघळलेले असतात. जमिनीपासून काही किलोमीटर खाली तो थांबतो, निवू लागतो, त्यात स्फटिक बनू लागतात आणि उरलेल्या रसात पाण्याला जागा उरत नाही. गोटी सोड्याची गोटी दाबली की विरघळलेला वायू जसा उसळून बाहेर येतो तसे ते तप्त, खारट पाणी एकदम वेगळे होते. त्याच्या दाबाने वरचा खडक हजारो बारीक तड्यांनी फुटतो. जुन्या चिनी मातीच्या लोणच्याच्या बरणीवर जशी बारीक तड्यांची जाळी दिसते, तशी जाळी, पण शेकडो मीटर जाडीच्या खडकात. त्या तड्यांतून पाणी वर जाते, थंड होते आणि क्वार्ट्झबरोबर चाल्कोपायराइट, बोर्नाइट अशी तांब्याची सल्फाइडे तड्यांत आणि खडकाच्या कणाकणांत बसतात. सोने आणि चांदी याच खनिजांच्या संगतीने येतात, बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत. हट्टीसारख्या ठिकाणी सोने क्वार्ट्झच्या शिरांत आणि त्यांच्या लगतच्या खडकात असते, म्हणून तिथे शिरेच्या मागे जावे लागते. पॉर्फिरीत मात्र अख्खा डोंगरच गरीब धातुक, म्हणजे थोडा थोडा धातू असलेला दगड, असतो आणि त्याचे मोठेपण आकारात असते.

या तप्त पाण्यामुळे भोवतालचा खडकही बदलतो आणि हा बदल वाचता येणे हेच शोधकाचे खरे भांडवल. मध्यभागी पोटॅशियमचे खनिज वाढते, त्याभोवती खडक पांढरट आणि मऊ होतो आणि सगळ्यांत बाहेर, काही वेळा एक-दोन किलोमीटर दूरपर्यंत, क्लोराइट आणि एपिडोट या खनिजांमुळे खडक हिरवट दिसतो. म्हणजे पाहा, हा आणखी एक हिरवा रंग, आणि यातही तांबे नाही. मामांना मी तीन हिरवे मोजून दाखवले. तांब्याच्या कळंकाचा हिरवा, पॉर्फिरीच्या बाहेरच्या वेढ्याचा हिरवा आणि त्यांच्या विहिरीतला हिरवा. यांतला दुसरा हिरवा माणसाला सांगतो की तू जवळ आला आहेस पण अजून पोहोचलेला नाहीस. मोबाइलवर फोटो पाठवून 'हे काय आहे' विचारणाऱ्यांना मी उत्तर का देत नाही, ते आता कळेल. रंग हा खनिजाचा सर्वांत बोलका आणि सर्वांत खोटारडा गुण आहे.

आयव्हनहोने आधी काय केले? सन २००० मध्ये त्यांनी टेकडीच्या मध्यभागी शंभराहून अधिक उथळ छिद्रे पाडली. त्यांना चाल्कोसाइटचा थर हवा होता. तो थर कसा तयार होतो हे खानापूरच्या माणसाला समजावणे सोपे आहे, कारण आम्ही जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरात राहतो. जांभा म्हणजे पावसाने धुऊन उरलेला खडक. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ दगडातली सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्ये वाहून नेली आणि लोह-अ‍ॅल्युमिनियम मागे ठेवले. चंदगड-राधानगरीकडचे बॉक्साइट आणि त्यावर उभा राहिलेला बेळगावचा अ‍ॅल्युमिनाचा कारखाना हे सगळे त्या धुण्याचेच फळ. तांब्याच्या साठ्यावर हीच क्रिया उलटी फायद्याची ठरते. वरच्या थरातली सल्फाइडे कुजून आम्ल बनते, ते आम्ल तांबे विरघळवून खाली नेते आणि भूजलाच्या पातळीपाशी, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे ते तांबे पुन्हा चाल्कोसाइट या जास्त तांबे असलेल्या खनिजात बसते. वर लोखंडी गंजाची लाल-तपकिरी टोपी उरते, तिच्याखाली श्रीमंत थर. असा थर उथळ आणि काढायला स्वस्त असल्यामुळे लहान कंपन्यांना तो फार आवडतो. ओयू तोलगोईच्या मध्य भागात तो निघालाही, पण इतक्या दूरच्या जागी खाण उभी राहील एवढा तो मोठा नव्हता.

यानंतर २००१ मध्ये त्यांनी टेकडीच्या नैर्ऋत्य भागात जास्त खोल जायचे ठरवले. तिथले १५० क्रमांकाचे छिद्र या सगळ्या कथेचे वळण ठरले. सुमारे ७० मीटर खोलीपासून सलग ५०८ मीटर लांबीत सरासरी ०.८१ टक्के तांबे आणि प्रत्येक टनामागे १.१७ ग्रॅम सोने मिळाले. आकडे आपल्या मापात घालून पाहू. ५०८ मीटर म्हणजे सुमारे १,६६७ फूट. आमच्याकडे बोअर सहाशे फुटांवर गेली की घरातल्या बायका देवाला नवस बोलू लागतात आणि गाडीवाला मीटर मोजत राहतो. इथे त्याच्या पावणेतीनपट लांबीचा अखंड खनिजयुक्त खडक लागला होता. ०.८१ टक्के म्हणजे एका टन दगडात ८ किलो १०० ग्रॅम तांबे. आणि दहा ग्रॅम सोन्यासाठी साडेआठ टन दगड, म्हणजे जवळजवळ एक भरलेला टिपर, तेही वाटेत काहीच वाया जात नाही असे धरून. हे ऐकल्यावर मामा म्हणाले, "मग परवडतं कसं?" परवडते ते तांब्यामुळे. तांब्यासाठी खडक काढायचा, दळायचा आणि फेसात तरंगवून सल्फाइडे वेगळी करायचीच असतात. त्यांच्याबरोबर सोने-चांदी आपोआप त्याच पावडरीत येते आणि ती पावडर वितळवणारा कारखाना त्याचे वेगळे पैसे देतो. चांदीचे प्रमाण तर टनाला एक-दोन ग्रॅम असले तरी लाखो टनांच्या हिशेबात ती मोजण्याजोगी होते.

बीएचपीच्या लोकांना नावे ठेवण्याची पद्धत आहे आणि मला ती अन्यायाची वाटते. त्यांनी जागा बरोबर ओळखली होती, प्रकार बरोबर ओळखला होता आणि त्यांच्या २३ छिद्रांतली माहिती पुढच्यांच्या हाती लागली नसती, तर पुढचे काहीच झाले नसते. ज्या छिद्रात हवे ते सापडत नाही त्याला आपल्याकडे सरसकट 'फेल गेली' म्हणतात, पण शोधाच्या कामात रिकामे छिद्र खोट्या छिद्रापेक्षा फार मौल्यवान असते. ते सांगते की इथवर नाही. कुठवर नाही हे लिहून ठेवले की उरलेला प्रश्न लहान होतो.

खोटे छिद्र कसे तयार होते हे मी स्वतः पाहिले आहे. गदगच्या बाजूला एका खासगी कंपनीच्या कामावर असताना कोअर शेडचे पत्रे पावसात उडाले आणि रात्रीच्या घाईत कामगारांनी कोअरच्या पेट्या दुसऱ्या जागी हलवल्या. कोअर म्हणजे हिऱ्याच्या कडेच्या पोकळ बिटने कापून काढलेला दगडाचा दंडगोल. आपल्या बोअरच्या गाडीतून जसा नुसता भुगा उडतो तसा नव्हे, तर खालचा खडक जसा आहे तसा, क्रमाने, पेटीत रांग लावून ठेवलेला. दोन पेट्यांची झाकणे बदलली गेली. त्या कोअरचा अर्धा भाग करवतीने कापून प्रयोगशाळेत गेला, रिपोर्ट आला आणि सोन्याची शीर होती त्यापेक्षा काही मीटर खाली दिसू लागली. पुढच्या छिद्राची जागा त्या आकड्यावरून ठरली आणि ते छिद्र कोरडे गेले. चूक कोणाची यावर तीन आठवडे वाद झाला. शेवटी आम्ही उरलेला अर्धा कोअर आणि पावसाआधी काढलेले फोटो शेजारी ठेवून दगडावरच्या तड्या जुळवल्या तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून प्रत्येक पेटीचा ओला आणि कोरडा असे दोन फोटो काढल्याशिवाय मी पेटी हलू दिली नाही. प्रयोगशाळेला पाठवलेल्या नमुन्यांत मधूनच धातू नसलेला साधा दगड आणि ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना मिसळून पाठवतात, तेही अशाच चुका पकडण्यासाठी. तिथल्या यंत्राचीही परीक्षा व्हावी लागते.

आता या कथेतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. नैर्ऋत्य भागातल्या यशानंतर आयव्हनहोने टेकडीच्या उत्तरेला, जिथे वर काहीच नव्हते, तिथे विजेच्या पद्धतीने पाहणी केली. आयपी या नावाने ती ओळखली जाते. जमिनीत दूरवर दोन खांब रोवून वीज सोडतात आणि एकदम बंद करतात. खडकात विखुरलेले सल्फाइडचे कण त्या विजेचा थोडा भार धरून ठेवतात आणि तो हळूहळू सोडतात. तो उतरायला किती वेळ लागतो ते मोजले की खाली सल्फाइड आहे की नाही याचा अंदाज येतो. खांबांतले अंतर जितके जास्त, तितकी वीज खोलवर जाते. मोकळ्या गोबीत त्यांना खांब फार दूर रोवता आले, जे आपल्या गावागावांतून आणि विजेच्या तारांखालून करणे जवळजवळ अशक्य आहे. या पद्धतीची मर्यादा अशी की पायराइट, म्हणजे नुसते लोखंड-गंधकाचे निरुपयोगी खनिज असले तरी ती तसाच निरोप देते. माझ्या कामाच्या वर्षांत या पायराइटने किती छिद्रे खाल्ली याचा हिशेब नको.

तिथे मात्र निरोप खरा निघाला. २००२ मध्ये २७० क्रमांकाच्या छिद्रात ६३८ मीटर लांबीत सरासरी १.६१ टक्के तांबे मिळाले. हा भाग पुढे ह्यूगो डमेट या नावाने ओळखला जाऊ लागला. डमेट हे जगभर काम केलेले भूवैज्ञानिक त्याच वर्षी वारले होते. आणि लक्षात घ्यायची गोष्ट ही की या भागाचा माथा जमिनीखाली काही शे मीटर खोल आहे, त्याच्या वर दुसरे, तांबे नसलेले खडक आहेत आणि पृष्ठभागावर एकही हिरवा डाग नाही. ओयू तोलगोईचे बहुतेक तांबे या बिनडागाच्या भागात आहे. हिरव्या टेकडीने माणसाला तिथवर आणले, पण टेकडी हे घराच्या दारावरचे तोरण होते, घर नव्हे. बारा किलोमीटरच्या एका सरळ रेषेत असे अनेक साठे ओळीने लागले आणि त्यांचे वय सुमारे ३७ कोटी वर्षे भरले. पॉर्फिरी जमिनीपासून फार खोल नसते, त्यामुळे जुन्या पॉर्फिरी सहसा झिजून नाहीशा होतात. ही टिकली ती त्या झाकणामुळे.

यानंतरचा इतिहास मी भरभर सांगतो, कारण तो करारांचा आणि पैशाचा आहे. २००६ मध्ये रिओ टिंटो ही मोठी खाण कंपनी आली, २००९ मध्ये मंगोलिया सरकारशी गुंतवणुकीचा करार झाला आणि त्यात सरकारचा हिस्सा ३४ टक्के ठरला. २०१३ मध्ये उघड्या खाणीतून उत्पादन सुरू झाले आणि ह्यूगो डमेटच्या खोल भागातून, सुमारे १,३०० मीटर खालून, उत्पादन सुरू व्हायला मार्च २०२३ उजाडले. म्हणजे २७० क्रमांकाच्या छिद्रापासून एकवीस वर्षे. त्या खोलीवर दगड फोडत बसत नाहीत. खडकाच्या प्रचंड ठोकळ्याचा तळ खालून पोखरतात आणि तो स्वतःच्या वजनाने कोसळत, तुटत खालच्या फनेलांत येऊ देतात. बाहेर निघालेली पावडर ट्रकने सीमेपलीकडे चीनमध्ये जाते. आणि या सगळ्याच्या मध्ये पाणी आहे. वाळवंटातल्या पशुपालकांनी आपल्या विहिरींची आणि कुरणांची तक्रार २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर नेली आणि २०१७ मध्ये तडजोड झाली. कणकुंबीच्या डोंगरात उगम पावणाऱ्या मलप्रभेच्या काठी मी राहतो. पाण्याच्या वादाची भाषा मला कोणी भाषांतर करून सांगावी लागत नाही.

मामांनी मग तो प्रश्न विचारलाच, ज्याची मी वाट पाहत होतो. "म्हणजे आमच्या विहिरीखालीही असू शकतंय की!" यावर हसण्यासारखे काही नाही. बेळगाव-धारवाड-कलादगीचा हा मुलूख भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी हिंडून तपासला आणि १८७६ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हापासून एक गोष्ट माहीत आहे. जिल्ह्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला फार जुने खडक उघडे दिसतात, गोकाकच्या धबधब्याला कलादगीचे क्वार्ट्झाइट दिसते, पण उत्तरेला आणि पश्चिमेला, निपाणी-चिकोडीकडे, सगळे काळ्या लाव्ह्याने झाकलेले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे झाकण किती जाड असते याचे दोन पक्के आकडे आपल्याकडे आहेत. लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंपानंतर पाडलेल्या छिद्रात ते ३३८ मीटर भरले आणि कोयनेला एका छिद्रात ९३३ मीटर. त्याखाली दोन्हीकडे जुना ग्रॅनाइट-नाइस लागला. म्हणजे ह्यूगो डमेटसारखे झाकण आपल्याकडे आहे, तेही लाखो चौरस किलोमीटरचे. पण त्याखाली पॉर्फिरी असेल असे मानायला जागा कमी आहे. आपल्या भागातले तळाचे खडक दोन अब्ज वर्षांहून जुने आहेत आणि लाव्हा येण्याआधीच त्यांचा वरचा कित्येक किलोमीटरचा भाग झिजून गेलेला होता; ओयू तोलगोईच्या डोक्यावर टोपी वेळेवर आली, आपल्याकडे ती फार उशिरा आली. भारतातील तांब्याचा सर्वांत मोठा साठा, मध्य प्रदेशातील मलांजखंड, अडीच अब्ज वर्षांचा आहे आणि त्याला पॉर्फिरी म्हणावे की नाही यावर अजून विद्वान भांडतात, म्हणजे अपवाद अशक्य नाहीत. हट्टीसारखे शिरांतले सोने मात्र झाकणाखालीही असू शकते, कारण ते मुळातच जास्त खोलीवर तयार होते. फक्त ते शोधायला आधी लाव्ह्यातून आरपार पाहावे लागेल आणि तेवढ्या खोलीवर एक शीर म्हणजे गंजीतली सुई.

मामांना हे सगळे पटले की नाही सांगता येत नाही, पण त्यांनी दगड परत पिशवीत घातला आणि विचारले, "मग हा दगड कशाचाच नाही म्हण." तेव्हा मला जी गोष्ट पहिल्याच मिनिटाला सांगायला हवी होती ती आठवली. हे हिरवे थर बसतात ते लाव्ह्याच्या प्रत्येक थराच्या वरच्या, वायूच्या बुडबुड्यांनी जाळीदार झालेल्या भागात. आपल्या विहिरींना पाणी लागते ते बहुधा याच जाळीदार, झिजलेल्या भागात आणि दोन थरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यापाशी. मधला घट्ट काळा पाषाण कोरडा असतो आणि सुरुंगही खातो. चाळीस फुटांवर हिरव्या पोकळ्यांचा दगड लागला याचा अर्थ घट्ट पाषाण संपून खालच्या थराचा माथा लागला होता. मी विचारले, "विहिरीच्या भिंतीला तिथं ओल हाय काय?"

मामा म्हणाले, "ओल कसली, पूर्वेच्या अंगाला बोटाएवढी धार सुटलीया. त्यामुळंच तर काम थांबवून तुझ्याकडं आलो."